आकड्यांना चालायला लावणारे सर

सरांना प्रश्न विचारायचा असेल तर आधी नंबर लावावा लागे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक उभा रकाना आखून ठेवला होता. ज्याला शंका आली त्याने उठायचं, रकान्यात आपला हजेरी नंबर लिहायचा आणि गुमान जागेवर जाऊन बसायचं. सर चाललेलं गणित संपवत आणि मगच पहिला नंबर पुकारत. तोवर पोरगा शंका विसरलेला असे. "विसरला ना बे? म्हंजे ते शंका नव्हती, खाज होती. बस खाली!" सगळा वर्ग हसे, आणि ते पोरगंही.

हेडमास्तरांनाही सूट नव्हती. एकदा तालुक्याहून साहेब आले म्हणून हेडमास्तर घाईघाईने सरांच्या वर्गाच्या दारात आले. सरांनी न वळता खडू मागे केला. बिचाऱ्या हेडमास्तरांना हजेरी नंबर कुठला? त्यांनी रकान्यात एक शून्य लिहिलं आणि दारात उभे राहिले. मी शेजारच्या वर्गातून बाहेर येऊन खिडकीतून हे पाहत होते आणि तोंडाला पदर लावून हसत होते.

जेवणातही तेच. लग्नाच्या पंगतीत पानात जे पहिलं पडेल ते संपल्याशिवाय सर दुसऱ्याला हात लावत नसत. पहिली बुंदी पडली की आधी बुंदी. वाढप्याला वाटे, सरांना बुंदी फार आवडते. तो आणखी ओते. सर तीही संपवत. भातापर्यंत पोचायच्या आत पंगत उठलेली असे. घरी आल्यावर वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून पिठलं टाकत. "या मानसासंग लग्न लागलं तवा मंगलाष्टकं बी यानं मोजले असतीन," असं त्या मला म्हणाल्या होत्या. खरंच मोजली असतील, मला काही शंका नाही.

मी मलकापूरची. घरामागून रेल्वे जाते एवढ्या भांडवलावर स्वतःला शहरातली समजणारी. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. पहिली नोकरी लागली ती अमडापूरच्या पलीकडे आत, फाट्यावर उतरून दोन मैल चालायचं अशा गावात. पहिल्या दिवशी सर मला म्हणाले, "बाई, तुमी विज्ञान शिकवता ना? मंग मले एक सांगा, आकडा बसून काऊन राह्यतो?" मला वाटलं, हे गृहस्थ माझी फिरकी घेताहेत. तसं नव्हतं. त्यांचं पक्कं मत होतं की वहीत लिहिलेला आकडा मेलेला असतो. त्याचा आलेख काढला की तो उठून बसतो. आणि एकामागून एक आलेख दाखवले की तो चालायला लागतो. "आकड्याले पाय फुटले पाह्यजे," हे त्यांचं पालुपद होतं.

ते कशाचाही आलेख काढत. पोरांच्या हजेरीचा, रॉकेल किती दिवस पुरलं त्याचा, एस.टी. किती उशिरा आली त्याचा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ वरखाली गेलेली मी पाहिली. विचारलं तर वहिनी फणकारल्या, "मी कोन्त्या दिवशी किती बोललो, ते हाय ते. दर दिवाळीले मी चुना मारतो, दर पाडव्याले हे पुन्हा चालू करतात."

एका सव्वीस जानेवारीला तर कहरच झाला. सरांनी साठ पोरांच्या हाती साठ पुठ्ठे दिले. प्रत्येकावर पावसाचा एकेक आलेख, आधीच्यापेक्षा जरासा पुढे सरकलेला. पोरं एका ओळीत उभी. शिट्टी वाजली की पुढच्याने पुठ्ठा दाखवून खाली बसायचं, मागच्याने दाखवायचा. भराभर झालं तर रेघ चालताना दिसणार. तिसरीतलं एक पोरगं शिट्टीआधीच बसलं, त्याच्यामागचं गडबडलं, आणि पावसाळा मार्गशीर्षात जाऊन पडला. पाहुण्यांना ती कवायत वाटली. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सर पुढचे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. वहिनींनी म्हणे त्याचा आलेख काढला.

पण हे सगळं गमतीचं. एक गोष्ट गमतीची नव्हती. ती होती विहिरींची.

दर अमावस्येला सर सायकलला दोर बांधून निघत. दोराला हातहातावर गाठी. अमावस्येला आमच्याकडे बैल औताला जुंपत नाहीत, माणसं मोकळी सापडतात, म्हणून तो दिवस. दोन विहिरी मापायच्या. एक वरची, नाल्याच्या डोक्याला, बापूसाहेबांच्या संत्र्याच्या बागेतली. दुसरी खालची, नाल्याच्या उतारावरच्या वस्तीची. साठेक घरं आणि त्यांना ती एकच विहीर. पाणी काठापासून किती हातांवर आहे ते पाहून वहीत लिहायचं. अशी पाच वर्षं झाली होती.

बापूसाहेबांनी बागेतल्या विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि तेव्हापासून खालची विहीर उन्हाळ्यात तळाला जाऊ लागली. वस्तीतल्या बायका-पोरी नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरत. माझ्या सातवीतल्या दोन पोरी, रुख्मा आणि बेबी, फाल्गुनापासून शाळेत यायच्या बंद झाल्या. सकाळचा सगळा वेळ झिऱ्यावर जायचा. हेडमास्तरांनी नियमावर बोट ठेवून दोघींची नावं पटावरून कमी केली. रुख्माचा हात गणितात असा चाले की सरही तिचा नंबर लवकर पुकारत. मला त्या दोन नावांवरची लाल रेघ बघवत नसे, आणि ते मी स्टाफरूममध्ये तोंडावर बोलूनही दाखवलं.

रुख्माची आजी शेवंतामाय वस्तीतल्या चार जणींना घेऊन बापूसाहेबांकडे गेली होती. उन्हाळ्यापुरती मोटर बंद ठेवा, एवढंच मागणं. सरही सोबत गेले, वही घेऊन. बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. शाळेला खोल्या त्यांनीच बांधून दिलेल्या. पण हट्टी. ते म्हणाले, "सर, जमिनीच्या पोटात पानी कुठून कुठं जाते हे तुमी पाह्यलं काय? मी बी नाही पाह्यलं. तुमच्या वहीतले आकडे मले समजत नाहीत. ज्या दिवशी तुमी मले डोयानं दाखवसान, त्या दिवशी मोटर बंद."

"शब्द?" सरांनी विचारलं.

"बापूचा शब्द."

सर परत आले ते उड्या मारतच. सगळं ऐकून मी म्हटलं, "सर, त्यांनी नाही म्हटलंय." सर म्हणाले, "बाई, तुमाले ऐकू कमी येते काय? त्यानं दाखवा म्हनलं!"

दाखवायला साधन हाती होतं. सरकारच्या कुठल्याशा योजनेतून त्याच वर्षी शाळेला एक कॉम्प्युटर आला होता. एक कीबोर्ड, एक छोटा पडदा आणि प्रोग्राम साठवायला गाण्याचा असतो तसला कॅसेट प्लेअर. प्रशिक्षणाला अमरावतीला जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सरांना आणि मला पाठवलं. शिकवायला आलेला तरुण मुलगा पुण्याचा. सरांनी तोंड उघडलं की तो ओठ दाबून हसे. त्याने एक आलेख पडद्यावर काढायला शिकवला. पडद्यावर रेघ आपोआप सरकत गेली आणि सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोटं सांगत नाही, खरंच आलं. मग त्यांनी विचारलं, "हे सरलं की दुसरं आपल्या मनानं काऊन चालू होत नाही?"

"परत रन द्यायचं ना, सर."

"म्हंजे मी मरेपर्यंत इथं बसून रन देऊ काय?"

मुलगा हसला, पण संध्याकाळी त्याने सरांना पुस्तकातलं एक पान दाखवलं. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचा, सरांनी डोकं लावायचं, असं आमचं चालू झालं. गोष्ट साधी होती. वर एक छोटा प्रोग्राम ठेवायचा. तो स्वतः काहीच काढत नाही. तो फक्त म्हणतो: पहिलं चित्र, तू चल. झालं? थांब जरा. पडदा पूस. आता दुसरं चित्र, तू.

सर ओरडले, "अरे, हा तं मुकादम हाय! मुकादम सोता कापूस वेचते काय? तो नुसता हाका मारते!"

तेव्हापासून त्या प्रोग्रामचं नाव मुकादम पडलं. गावी परत आल्यावर महिनाभर आम्ही त्याच्यावर खपलो. पाच वर्षांचे पाच आलेख. प्रत्येकात दोन रेघा: वरच्या विहिरीची सलग, खालच्या विहिरीची ठिपक्यांची. दर अमावस्येला एक टुक असा आवाज आणि रेघा एक पाऊल पुढे. पडद्याच्या खालच्या कडेला तळ. विहिरींची सगळी मापं आम्ही एका लांबलचक रांगेत टाईप केली. मुकादमाने त्यातून प्रत्येक वर्षाला बारा-बारा मोजून द्यायची आणि चित्रांना ओळीने पळवायचं. आम्ही ते दहा वेळा चालवून पाहिलं, न अडता चाललं. पण आम्ही ते चालतंय की नाही एवढंच पाहत होतो. खरं बोलतंय की नाही हे कळायला त्या विहिरीवर पाणी भरणारं कुणी तिथं बसलेलं नव्हतं.

शाळेचा पडदा वहीएवढा. गावात मोठा टीव्ही एकच, बापूसाहेबांच्या ओसरीवर. रविवारी सकाळी मालिका बघायला सगळं गाव तिथे लोटायचं. सर सरळ जाऊन म्हणाले, "बापू, तुमच्या टीव्हीवर दाखवतो." बापूसाहेब म्हणाले, "या." मला मात्र धडकी भरली. शाळा समितीचे अध्यक्ष तेच. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्याच टीव्हीवर, त्यांच्याच विरुद्ध! चुकलं तर सरांची बदली थेट सातपुड्याच्या पायथ्याला, आणि माझी त्याच्याही पलीकडे.

चैत्र सरत आला होता. मालिका संपली, सरांनी शाळेचा कॉम्प्युटर बापूसाहेबांचीच वायर घेऊन टीव्हीला जोडला, कॅसेट लावली. प्रोग्राम चढायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात निम्मी पोरं उठून गेली, पण मोठी माणसं बसून राहिली. वस्तीतल्या बायका अंगणात उभ्या. दाराआड बापूसाहेबांची बायको, त्यांना सगळं गाव काकू म्हणे. बारा वाजता लाईन, म्हणजे वीज, जायची. माझं लक्ष घड्याळाकडे.

सर छडी घेऊन टीव्हीजवळ उभे राहिले. टुक. "चैत्र!" टुक. "वैशाख!" रेघा चालू लागल्या. पावसाळ्यात वर चढल्या, दिवाळीनंतर उतरू लागल्या. पहिलं वर्ष झालं, पडदा पुसला गेला, दुसरं आपोआप सुरू झालं. कुस्ती बघावी तशी माणसं बोलू लागली. "चढली, चढली!" "पाह्य बे, आपली वस्तीची मांगं नाही राह्यली!" तिसऱ्या वर्षी मोटर बसली. सलग रेघ खाली घसरली आणि ठिपक्यांची तिच्यामागून. चौथं वर्ष लागलं.

"आषाढ!" टुक. "श्रावण! पोळ्याची अमावस्या!"

"थांबा," शेवंतामाय म्हणाली. "हे खोटं हाय."

सर वळले. पडद्यावर ठिपक्यांची रेघ तळाजवळ होती.

"त्या पोळ्याले इहीर तुडुंब होती. वाकून हातानं पानी घेतलं. माह्या लेकानं बैल तिथंच धुतले. हे तं कोल्डी दाखवून राह्यलं."

झालं! बापूसाहेबांचा मुलगा खो खो हसला. "यंत्राले पोळा समजत नाही आन् पोटातलं पानी सांगते!" माणसं हसली. बापूसाहेब हसले नाहीत. ते नुसते म्हणाले, "सर, पोळा तं मी बी पाह्यला होता. इहीर भरली होती."

एका महिन्याचं काम, पाच वर्षांची मापं, त्या दोन पोरी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात चाललं. आणि सर? सरांचा चेहरा उजळला होता! त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माय बरोबर हाय. वहीत काठापासून दीड हात लिवलं हाय. वही खरी, पडदा खोटा. चूक माही हाय." मग माझ्याकडे वळून, "बाई, पाह्यलं काय? मायनं आलेख वाचला! साक्षरता वर्गात गेली नाही आन् आलेख वाचला!"

मला त्या क्षणी सरांना छडीनेच मारावंसं वाटलं. मी दात खाऊन म्हटलं, "सर, चूक शोधा आधी."

ते शोधू लागले. पहिली दोन वर्षं बरोबर. मग गाडी रुळावरून कुठे उतरली? वहीत मापं नीट, टाईपही नीट. घड्याळात सव्वाअकरा. तेवढ्यात दाराआडून काकूंचा आवाज आला.

"सर, त्याच्या आदल्या वर्षी धोंडा होता ना?"

सगळे वळले. काकू जरा संकोचल्या, पण बोलल्या, "आमच्या मोठीचं लगन झाल्यावर पयला धोंड्याचा महिना तोच. जावई आले होते. तेहतीस अनारसे मीनं तळले, मले काऊन ध्यानात नाही राह्यनार? दोन श्रावण होते त्या साली."

सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. पाच वर्षांत तिसरं वर्ष अधिक महिन्याचं, तेरा अमावस्यांचं! सरांनी तेराही अमावस्यांना सायकल हाणली होती, तेराही मापं वहीत होती. मुकादमाने मात्र सगळ्यांना बारा-बारा वाटली. तेरावं माप पुढच्या वर्षाच्या गळ्यात पडलं आणि तिथून सगळंच एकेक महिना मागे पडलं. आषाढातलं पाणी पोळ्याला दिसत होतं. मी विज्ञानाची पदवीधर, सर गणिताचे, आणि धोंडा दोघांच्याही डोक्यात आला नाही. ज्यांनी अनारसे तळले त्यांच्या डोक्यात होता.

सरांनी एका ओळीत बाराचे तेरा केले, तेही तिसऱ्याच वर्षासाठी. मी म्हटलं, "सर, बारा वाजायला आलेत. एकदम चौथं दाखवा."

"नाही. पयल्यापासून."

"सर, लाईन जाईल!"

"बाई, मधूनच दाखवलं तं हे म्हनतीन, सोयीचं तेवढं दाखवलं. पयल्यापासून."

पहिलं. दुसरं. तिसऱ्यात सरांनी श्रावणाआधी "धोंडा!" म्हणून आरोळी दिली आणि अंगणातल्या बायका खुदकन हसल्या. चौथं. वैशाखात ठिपक्यांची रेघ तळाला टेकली, आणि पोळ्याच्या अमावस्येला सर्रकन वर चढली. "हाव! हाव! हे खरं!" शेवंतामाय ओरडली. तिने टाळीही वाजवली. मग दिवाळीनंतर सलग रेघ उतरली आणि पुढच्या अमावस्येला ठिपक्यांची, पुन्हा सलग, पुन्हा ठिपक्यांची. पडदा पुसला गेला. पाचवं वर्ष कार्तिकापर्यंत आलं.

लाईन गेली.

पडदा काळा. सर छडी तशीच धरून उभे. मला रडू फुटायचं बाकी होतं. माणसं चुळबुळ करू लागली, कुणी उठायला लागलं. तेवढ्यात बापूसाहेब त्या काळ्या पडद्याकडे बघत बोलू लागले, स्वतःशीच पुढचे महिने मोजल्यासारखे.

"मार्गशीर्षात वरची उतरन... पुसात खालची. मंग माघात वरची आनखी..." ते थांबले. "फागुनात खालची तळाले टेकन."

"टेकली होती, बापू," शेवंतामाय म्हणाली. "आमी तवापासून झिऱ्यावर हावो."

बापूसाहेब उठले. "सर, तुमची लाईन गेली, पन मले दिसून राह्यलं. वैशाख आन् जेष्ठ, माही मोटर बंद."

मुलगा उसळला. "आबा, झाडावर आंबिया बहाराची संत्री हायेत! पानी तोडलं तं सगळी गळतीन!"

"गळू दे. आंबिया गेला तं गेला. बाग तानावर सोडू, पानी न देता, आन् पावसाळ्यात मृगाचा दुसरा बहार धरू." आणि आत वळून म्हणाले, "अवं, सरांले आन् बाईले जेवाले वाढ." पानात पहिल्यांदा काय पडलं आठवत नाही, पण सर जेवले आणि भातापर्यंत पोचले, एवढं मी पाहिलं.

वैशाखात मोटर बंद राहिली. ज्येष्ठातही राहिली. त्या साली पुन्हा धोंडा आला, आणि तोही ज्येष्ठातच. दोन ज्येष्ठ! पहिला ज्येष्ठ सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मी टीव्हीची वायर परत द्यायला बापूसाहेबांकडे गेले होते, तेव्हा मुलगा त्यांना म्हणत होता, "आबा, दोन महिने झाले. शब्द पुरा झाला. करू का चालू?"

बापूसाहेब सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मी दोन महिने म्हनलो नव्हतो. जेष्ठ म्हनलो होतो. जेष्ठ अजून सरला नाही."

खालच्या विहिरीचं पाणी त्या साली आटलं नाही. म्हणजे तळाशी गेलं, गढूळ झालं, फडक्यातून गाळून घ्यावं लागलं, पण आटलं नाही. झिऱ्यावर कुणाला जावं लागलं नाही.

शाळा उघडली तेव्हा दुसरा ज्येष्ठ चालू होता आणि आभाळ भरून आलं होतं. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये पत्र्याचं पार्टिशन. इकडचा शब्द तिकडे ऐकू जायचा. पलीकडे सर खच्चून गणित सांगत होते. मी नवा पट उघडला. सुट्टीतच हेडमास्तरांशी भांडून मी दोन नावं शाईने पुन्हा लिहून घेतली होती. ती मी जरा मोठ्यानेच वाचली. रुख्मा. बेबी.

"हजर, बाई." "हजर, बाई."

पलीकडचा आवाज अर्ध्या गणितातच थांबला. खडू ठेवल्याचा आवाज आला, मग सर खाकरले आणि गणित पुढे सुरू झालं.